जुन्या पिकअपचा क्लच: दोष भागांत की मापांत?

रंगकाम झालेले असते. क्रोमची जाळी चकाकत असते. दोन-तीन वर्षे गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असलेले इंजिन एका सकाळी सुरू होते आणि उपस्थितांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. मग मालक क्लच दाबून पहिला गिअर टाकू पाहतो आणि गिअरबॉक्समधून दात करकरल्याचा आवाज येतो. पुन्हा प्रयत्न होतो, पुन्हा तोच आवाज. क्लच प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, बेअरिंगही नवे. मग चुकले कोठे?

जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी 'भाग खराब निघाला' असा निष्कर्ष काढला जातो, गिअरबॉक्स पुन्हा उतरवला जातो, दुसरा भाग आणला जातो आणि बहुतेक वेळा दोष तसाच राहतो. कारण क्लच ही एक वस्तू नव्हे. ती अनेक मापांची साखळी आहे. साखळीतील प्रत्येक कडी स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकमेकींशी न जुळणारी असू शकते. म्हणून अशा कामात पान्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते. ही मापे कोणती, ती कशी घ्यावीत आणि कोणत्या लक्षणावरून कोणता दोष ओळखावा, याचा हा आढावा. उदाहरणासाठी शेवरलेची ३१०० ही पिकअप घेतली आहे. तत्त्वे मात्र त्या काळातील जवळपास सर्वच गाड्यांना लागू पडतात.

शिवडीचा धागा

अमेरिकेत शेवरलेने १९४७ च्या उन्हाळ्यात 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' या नावाने मालमोटारींची नवी मालिका बाजारात आणली. गोलसर केबिन, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि ११६ इंचांचा व्हीलबेस असलेली अर्ध्या टनाची ३१०० ही त्या मालिकेतील सर्वांत लोकप्रिय पिकअप. १९५५ च्या वसंतापर्यंत ही मालिका चालली. सुरुवातीला तिला २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. १९५४ पासून २३५ घन इंचांचे इंजिन आले.

मुंबईकरांना शेवरले हे नाव परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला होता आणि शेवरलेच्या मोटारी व मालमोटारी तेथे जोडल्या जात. भारतात केवळ जुळणी न करता प्रत्यक्ष उत्पादन करावे, असे धोरण आल्यानंतर १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. पुढे ही कंपनी भारतात परतली खरी. परंतु २०१७ अखेरीस शेवरलेची येथील विक्री थांबली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही थांबले. त्यामुळे जुन्या शेवरलेच्या भारतीय मालकाला आज कोणत्याही अधिकृत विक्रेत्याकडे जाता येत नाही. त्याच्यापुढे तीन मार्ग उरतात: अमेरिकेतून नव्याने बनवलेले भाग मागवणे, भंगार बाजारात जुने भाग शोधणे किंवा कुशल टर्नरकडून भाग दुरुस्त करून घेणे. बहुतेक गाड्यांत हे तिन्ही मार्ग एकत्र येतात आणि मापे बिघडायला सुरुवात होते ती तेथेच.

क्लच म्हणजे नेमके काय?

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र बसवलेले असते. त्याला चिकटून क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षण करणारे लायनिंग असते. क्लच प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट येते. ती फ्लायव्हीलला बोल्टने घट्ट केलेली असते आणि स्प्रिंगच्या जोरावर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लच प्लेटच्या मध्यभागी खाचा असतात व त्यांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरतो. या शाफ्टचे पुढचे बारीक टोक क्रँकशाफ्टमधील एका छोट्या बुशमध्ये टेकते. त्याला पायलट बुश म्हणतात.

पाय पेडलवर पडला की दांड्यांची साखळी फोर्कला हलवते. फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते आणि प्रेशर प्लेट मागे सरकून क्लच प्लेट मोकळी होते. शेवरलेने १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून यासाठी डायफ्रॅम स्प्रिंग वापरली. बशीच्या आकाराची ही एकच पोलादी स्प्रिंग असते आणि तिच्याच आतल्या कडेला बोटे कापलेली असतात. त्या काळच्या इतर अनेक गाड्यांत मात्र गोल फिरवलेल्या कॉइल स्प्रिंगा आणि तीन लिव्हर असत. दोन्ही प्रकारांची प्रेशर प्लेट बाहेरून बसू शकते. परंतु बोटांची किंवा लिव्हरची उंची वेगळी असते आणि पुढचा सगळा हिशेब या उंचीवर अवलंबून असतो.

जोडण्यापूर्वीची पाच मापे

पहिले माप फ्लायव्हीलचे. काही फ्लायव्हील सपाट असतात, तर काहींत घर्षणाचा पृष्ठभाग बोल्ट बसण्याच्या पृष्ठभागापेक्षा खोल असतो. जुन्या फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग व बारीक चिरा दिसतात म्हणून ते लेथवर साफ करून घेतले जाते. टर्नर केवळ घर्षणाचा भाग कापतो आणि बोल्टचा भाग तसाच सोडतो. अशाने पायरी खोल होते, क्लच प्लेट इंजिनाच्या दिशेने सरकते आणि प्रेशर प्लेटचा दाब मूळ हिशेबाप्रमाणे राहत नाही. नियम साधा आहे. घर्षणाच्या पृष्ठभागावरून जितके कापले तितकेच बोल्टच्या पृष्ठभागावरूनही कापावे आणि मूळ पायरी कायम राखावी. कापण्यापूर्वी ती व्हर्निअरने मोजून कागदावर लिहून ठेवावी.

दुसरे माप क्लच प्लेटचे. तिचा व्यास फ्लायव्हीलच्या घर्षण पृष्ठभागाशी जुळतो का, जाडी किती आहे आणि मधल्या खाचा शाफ्टवर बसतात का, हे पाहावे. प्लेट शाफ्टवर ठेवून संपूर्ण लांबीभर हाताने सरकवावी. ती कोठेही न अडता सरकली पाहिजे. खाचांवर गंज किंवा बारीक कडा असतील तर पेडल दाबल्यावरही प्लेट फ्लायव्हीलपासून सुटणार नाही.

तिसरे माप रिलीज बेअरिंगच्या उंचीचे. जनरल मोटर्सच्या गाड्यांत आखूड व लांब अशी दोन प्रकारची बेअरिंगे आढळतात आणि दोन्ही त्याच गिअरबॉक्सच्या नळीवर सहज सरकतात. सर्वसाधारणपणे बोटे बाहेर उचललेली असतील तर आखूड आणि बोटे सपाट असतील तर लांब बेअरिंग लागते. खोक्यावरच्या क्रमांकावर विसंबून न राहता जुने आणि नवे बेअरिंग शेजारी ठेवून मोजावे.

चौथे माप पायलट बुशचे. नवा बुश क्रँकशाफ्टमध्ये ठोकला की त्याचे छिद्र किंचित आवळते. म्हणून ठोकण्यापूर्वी आणि ठोकल्यानंतर, दोन्ही वेळा तो शाफ्टच्या टोकाशी ताडून पाहावा. जुना बुश काढताना छिद्रात घट्ट ग्रीस भरावे, छिद्राच्या मापाचा दांडा त्यात घालून हातोडीने ठोकावा. ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर येतो. बुश ब्राँझचा असावा. चुंबक जवळ धरल्यावर तो चिकटला, तर त्यात लोखंड आहे असे समजावे.

पाचवे माप बेल हाऊसिंगचे, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाचे. गिअरबॉक्स ज्या गोल छिद्रात बसतो त्याचे केंद्र आणि क्रँकशाफ्टचे केंद्र एकाच रेषेत असले पाहिजे. फ्लायव्हीलला डायल गेज लावून क्रँकशाफ्ट हाताने फिरवला की फरक कळतो. काट्याची एकूण हालचाल साधारण दहा हजारांश इंचांच्या आत असावी. मूळ जोडीचेच इंजिन व हाऊसिंग असेल तर हे बहुधा ठीक असते. हाऊसिंग दुसऱ्या गाडीचे असेल तर ही तपासणी टाळू नये.

एक सोपी वजाबाकी

या मापांचे सार एका वजाबाकीत सांगता येते. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर बसवून बोल्ट आवळावेत. मग बेल हाऊसिंगच्या मागच्या कडेपासून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंतचे अंतर मोजावे. हे पहिले अंतर. दुसरीकडे गिअरबॉक्स टेबलावर ठेवून, त्याच्या पुढच्या कडेपासून पूर्ण मागे सरकवलेल्या रिलीज बेअरिंगच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे. हे दुसरे अंतर. पहिल्यातून दुसरे वजा केले की बेअरिंग आणि बोटे यांच्यामध्ये उरणारी जागा मिळते.

केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. पहिले अंतर ७५ मिलिमीटर आणि दुसरे ७० असेल, तर ५ मिलिमीटर जागा उरते. दांड्याच्या समायोजनात ती सामावून घेता येईल. दुसरे अंतर ७६ असेल, तर गिअरबॉक्स बसताक्षणी बेअरिंग बोटांवर दाब देईल आणि क्लच कायम अर्धवट दाबलेला राहील. दुसरे अंतर ५७ असेल, तर १८ मिलिमीटर जागा केवळ बोटांपर्यंत पोहोचण्यात संपेल आणि पेडल तळाला टेकले तरी क्लच सुटणार नाही. दहा मिनिटांच्या या वजाबाकीने गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याचा एक संपूर्ण दिवस वाचतो.

गिअरबॉक्स शेवटचा अर्धा इंच जात नाही

पहिली अडचण येथेच येते. गिअरबॉक्स बहुतांश आत जातो आणि शेवटच्या अर्ध्या इंचावर थांबतो. या क्षणी मोठा मोह असतो तो चार बोल्ट लावून ते आवळत गिअरबॉक्स ओढून घेण्याचा. हे कधीही करू नये. गिअरबॉक्सचा कान तुटतो, क्लच प्लेटची मधली चकती वाकते किंवा पायलट बुश चेपला जातो. सगळे सरळ असेल तर गिअरबॉक्स हाताच्या जोरानेच कडेला कडा टेकतो.

कारणे तीन असतात. क्लच प्लेट मध्यभागी नसणे हे पहिले. त्यासाठी प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळताना जुना इनपुट शाफ्ट किंवा त्याच मापाचा लाकडी दांडा प्लेटमधून पायलट बुशपर्यंत घालून ठेवावा. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर प्रेशर प्लेटचे आवरण वाकते. पायलट बुश घट्ट असणे हे दुसरे कारण. गिअरबॉक्सचे वजन शाफ्टवर लोंबकळत राहणे हे तिसरे. गिअरबॉक्सखाली जॅकचा आधार द्यावा आणि तो इंजिनाच्या रेषेत आणावा. वजन लोंबकळत ठेवले तर नवी प्लेट पहिल्याच दिवशी वाकू शकते.

३१०० मध्ये आणखी एक अडचण आहे. १९५४ पर्यंतच्या या पिकअपमध्ये प्रॉपेलर शाफ्ट उघडा नसून एका नळीत बंद असतो आणि ती नळी मागच्या धुरीला जोडलेली असते. त्यामुळे नळीची पुढची जोडणी सोडल्याशिवाय गिअरबॉक्स मागे सरकायला जागा मिळत नाही. केबिनमधील फरशीचा मधला पत्रा निघतो, त्यामुळे वरून काम करता येते. इंजिनाचे मागचे रबरी आधार बेल हाऊसिंगवर असल्याने ते काढण्यापूर्वी इंजिनाला खालून टेकू देणे आवश्यक आहे.

पेडल तळाला, तरी गिअर करकरतो

सर्वाधिक आढळणारी तक्रार ही. प्रथम खात्री करावी. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही करकर झाली, तर क्लच पूर्ण सुटत नाही हे निश्चित.

आता गिअरबॉक्स न उतरवता पाहण्यासारख्या गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे पेडलपासून फोर्कपर्यंतची जोडणी. सत्तर वर्षांत पिनांची छिद्रे लंबगोल होतात, पेडलच्या शाफ्टचा बुश झिजतो आणि फोर्क ज्या गोलकावर टेकतो तो सपाट होतो. पेडल आणि बेअरिंग यांच्या हालचालींचे प्रमाण दहास एक आहे असे समजू. मग फोर्कच्या टोकाशी एक मिलिमीटरची झीज पेडलवर दहा मिलिमीटर वाया घालवते. चार ठिकाणची झीज मिळून निम्मे पेडल नाहीसे होते. येथे अनेकजण दांडा वाढवून किंवा पेडलला वेल्डिंग करून मार्ग काढतात. त्याने एक दोष झाकला जातो, दुसरा निर्माण होतो आणि मूळ भाग कायमचा बिघडतो. झिजलेले छिद्र मोठे करून त्यात बुश बसवणे आणि नवी पिन घालणे हाच योग्य उपाय.

भारतात जोडलेल्या गाड्यांबाबत एक सावधगिरी हवी. येथील गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असते, अमेरिकेतील गाडीचे डावीकडे. तेव्हा तेथून मागवलेले पेडल व दांडे जसेच्या तसे बसतील असे गृहीत धरू नये. आपल्या गाडीतील मूळ दांडा कितीही गंजलेला असला तरी तो नमुना म्हणून जपावा.

जोडणी ठीक असेल तर इंजिन बंद करून, बॅटरीची तार काढून, बेल हाऊसिंगचे खालचे झाकण उघडावे. सहकाऱ्याने पेडल पूर्ण दाबून धरावे आणि आपण फीलर गेजने क्लच प्लेटभोवती फट पडते का ते पाहावे. फट सर्वत्र सारखी असेल आणि प्लेट मोकळी फिरत असेल, तर क्लच निर्दोष आहे. शाफ्टला फिरवत ठेवणारा घट्ट पायलट बुशच बहुधा गुन्हेगार ठरतो. फट एकाच बाजूला असेल तर प्लेट वाकलेली आहे किंवा प्रेशर प्लेट तिरकी बसली आहे. फट मुळीच नसेल तर बेअरिंग आखूड, फोर्क गोलकावरून सुटलेला किंवा प्लेट उलटी बसलेली.

प्लेट उलटी बसणे ही अनुभवी हातांकडूनही घडणारी चूक आहे. प्लेटच्या मध्यभागी धक्के शोषणाऱ्या छोट्या स्प्रिंगा असतात. त्यांचा फुगीर भाग सर्वसाधारणपणे गिअरबॉक्सच्या बाजूला येतो. तो फ्लायव्हीलकडे गेला तर फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. नव्या प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती याची खूण असेल तर ती आधी वाचावी.

मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत आणखी एक प्रकार घडतो. गाडी पूर्ण पावसाळाभर उभी राहिली की क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. जोडताना सगळे ठीक असलेला क्लच चार महिन्यांनी सुटेनासा होतो. येथे मापांचा दोष नसतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पेडल दहा-बारा वेळा दाबणे, इतकाच त्याला प्रतिबंध.

क्लच घसरतो

उलट तक्रार अशी की इंजिन गर्जते पण गाडी वेग घेत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी तीसेक किलोमीटरवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे.

सर्वांत आधी पेडलचा फ्री प्ले पाहावा. हाताने दाबल्यावर पेडल साधारण पाऊण ते एक इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत सहा ते आठ सूत, हलके गेले पाहिजे आणि मग जड लागले पाहिजे. हा खेळ नसेल तर बेअरिंग सतत बोटांवर दाबलेले आहे. दांड्याचे नट सैल करून खेळ द्यावा. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. लायनिंग झिजत जाते तशी बोटे बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि खेळ कमी कमी होतो. म्हणून नव्या लायनिंगच्या पहिल्या काही दिवसांत खेळ पुन्हा तपासावा. दांडा समायोजनाच्या टोकाला पोहोचूनही खेळ मिळत नसेल, तर बेअरिंग लांब आहे किंवा फ्लायव्हीलची पायरी चुकली आहे. अशा वेळी आधी सांगितलेली वजाबाकी पुन्हा करावी.

खेळ योग्य असूनही क्लच घसरत असेल तर लायनिंगवर तेल आले असण्याची शक्यता मोठी. इंजिनाच्या मागच्या बेअरिंगमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूने ते येते. खाचांवर माखलेले जादा ग्रीसही फिरताना उडून लायनिंगवर बसते. खाचांना ग्रीसचा केवळ पुसट हात पुरतो.

गाडी थरथरत निघते

क्लच सोडताना गाडी थरथरली, तर सगळेजण क्लचकडे बोट दाखवतात. पण बंद नळीच्या रचनेत मागच्या धुरीचा पीळ नळीतून गिअरबॉक्सकडे येतो. इंजिनाचे रबरी आधार कुजलेले असतील तर संपूर्ण इंजिन डोलते आणि नवा क्लचही थरथरतो. तेव्हा आधी आधार बदलावेत, मग क्लच उघडावा.

दुसरे कारण लायनिंगच्या कामाशी संबंधित आहे. आपल्याकडे जुन्या प्लेटला नवे लायनिंग रिव्हेटने बसवून घेण्याची परंपरा आहे आणि दुर्मीळ मापाच्या प्लेटसाठी तो उत्तम पर्याय आहे. मात्र दोन लायनिंगांमधील पातळ पोलादी पाकळ्या किंचित लाटदार असतात. त्यांच्यामुळे क्लच हळुवार पकडतो. कारागिराने त्या ठोकून सपाट केल्या तर क्लच एकदम पकडतो आणि गाडी हिसका देते. प्लेट देतानाच तीन गोष्टी सांगाव्यात: पाकळ्या सपाट करू नका, रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागाखाली राहू द्या आणि एकूण जाडी मूळ जाडीइतकीच ठेवा. जाडी वाढली तर बोटे इंजिनाकडे सरकतात आणि क्लच न सुटण्याची तक्रार सुरू होते.

आवाजाची भाषा

आवाजावरूनही दोषाची जागा बरीचशी कळते. पेडलला हलका स्पर्श होताच खरखर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग. गाडी उभी असताना गिअर टाकून पेडल पूर्ण दाबल्यावर कर्कश आवाज आला, तर पायलट बुश. कारण त्या वेळी क्रँकशाफ्ट फिरत असतो आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असतो. न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर येणारा आणि पेडल दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा.

इंजिन बदलले असल्यास

२१६ घन इंचांच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बॅबिटची ओतीव होती आणि त्यांना तेल दाबाखाली मिळत नसे. म्हणून पुष्कळ गाड्यांत पुढच्या काळातले २३५ चे इंजिन बसवलेले आढळते. बदल सोपा वाटतो. पण फ्लायव्हीलपाशी गोची होते. सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांच्या फ्लायव्हीलवरील कड्याला १३९ दात असतात, तर १९५५ पासूनच्या बारा व्होल्टच्या गाड्यांत १६८. जुना स्टार्टर आणि नवे फ्लायव्हील यांचे जमत नाही. मग फ्लायव्हील बदलले जाते, त्याबरोबर क्लचचे मापही बदलते आणि नव्या इंजिनाच्या वर्षाप्रमाणे मागवलेला क्लच बसत नाही. म्हणून क्लच मागवताना इंजिनाचे किंवा गाडीचे वर्ष नव्हे, तर प्रत्यक्ष बसवलेले फ्लायव्हील, गिअरबॉक्स आणि बेल हाऊसिंग यांची मापे द्यावीत.

येथे कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम अधिसूचित केले. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल नसणे ही त्यातील अपेक्षा आहे. पिकअपसारख्या मालवाहू गाडीची वर्गवारी कशी होते, हे मालकाने इंजिन बदलण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

जीव आधी, गाडी नंतर

त्या काळच्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर तिचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी, कधी कर्करोगाच्या रूपाने, दिसतात. जुने बेल हाऊसिंग उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची गॅरेजमधील सवय म्हणूनच घातक आहे. धूळ ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बंद करावे, बारीक कण अडवणारा मास्क वापरावा आणि लहान मुलांना तेथे येऊ देऊ नये. गॅरेजमधला पोऱ्या ती धूळ रोज झेलत असतो, याचे भान मालकानेही ठेवावे.

गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. फ्लायव्हीलला चीर दिसली तर ते कितीही दुर्मीळ असो, पुन्हा वापरू नये. वेगात फुटलेले फ्लायव्हील केबिनची फरशी भेदू शकते. आणि क्लच पूर्ण सुटत नसलेली गाडी 'थोडे चालवून बघू' म्हणून रस्त्यावर आणू नये. सिग्नलला उभी असलेली ही गाडी पुढच्या दुचाकीवर सरकायला क्षणही लागत नाही.

कापण्यापूर्वी थांबा

पुनरुज्जीवनाच्या कामातील बहुतेक चुका सुधारता येतात. रंग पुन्हा देता येतो, आसने पुन्हा शिवता येतात. पण नवा भाग बसत नाही म्हणून मूळ फोर्क घासला, पेडल कापून जोडले किंवा हाऊसिंगचे छिद्र मोठे केले, तर ते परत मिळत नाही. नवा भाग बाजारात पुन्हा मिळेल, पण तुमच्या गाडीबरोबर आलेला फोर्क एकच आहे. म्हणून बसत नसलेला भाग नवा असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्यावा.

एक छोटी वही ठेवावी. काढलेल्या प्रत्येक भागाचे माप, त्याची दिशा आणि शक्य असल्यास छायाचित्र तिच्यात नोंदवावे. ही गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला सत्तर वर्षांपूर्वीच्या कारखान्याचे माहितीपुस्तक कदाचित मिळणार नाही. तुमची वही मात्र गाडीच्या कप्प्यात असेल आणि क्लच पुन्हा उघडण्याची वेळ आली की त्याला तिचाच आधार वाटेल.